शिक्षा कुणाला? बोले ठरावातला दवाखाना आणि सरकारचे आरोग्य धोरण

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. महाडमुळे हा ठराव आपल्या चळवळीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. दरवर्षी २० मार्चच्या भाषणांत त्याचा उल्लेख होतो: सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. बहुतेक वक्ते इथेच थांबतात. ठरावातली यादी मात्र इथे थांबत नव्हती. पुढे शाळा होत्या, न्यायालये होती, सरकारी कचेऱ्या होत्या आणि सगळ्यात शेवटी दवाखाने होते.

पाण्याची चळवळ झाली, दवाखान्याची झाली नाही. त्याला कारणेही होती. तळे गावाच्या मध्यावर होते आणि त्यावर रोजचा अपमान होत होता. दवाखाना तर बहुतेक गावांत नव्हताच. जे नाही त्याच्या दारात सत्याग्रह कसा करणार? पण शंभर वर्षांनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या इमारती उभ्या आहेत, ग्रामीण रुग्णालये आहेत, जिल्हा रुग्णालये आहेत, आणि बोले ठरावातल्या त्या शेवटच्या शब्दाचा हिशेब आपण अजून मागितलेला नाही. आरक्षण, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी कायदा यांवर आपला तरुण तासभर बोलू शकतो. तालुक्याच्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद किती वर्षे रिकामे आहे, हे त्याला विचारा. तो गप्प होतो. त्याची आई मात्र ते सांगू शकते.

सरकारचे आरोग्य धोरण तपासताना लोक साधारणपणे दोन गोष्टी पाहतात: किती दवाखाने बांधले आणि किती पैसा खर्च केला. दोन्ही पाहिल्याच पाहिजेत. पण आपल्या इतिहासातून आलेला तिसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नियम मोडला, काम झाले नाही, तर शिक्षा कुणाला? लोकांना की अधिकाऱ्याला? या प्रश्नाने गेल्या सव्वाशे वर्षांचे कायदे वाचले तर सरकारचा स्वभाव चांगलाच कळतो.

सुरुवात प्लेगपासून करू. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. हा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार त्यात होता. तिसऱ्या कलमात आदेश मोडणाऱ्याला शिक्षा होती. चौथ्या कलमात या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही असे संरक्षण होते. म्हणजे लोकांनी ऐकले नाही तर शिक्षा, आणि अंमलदाराकडून अन्याय झाला तर त्याला कवच. उपचार देण्याचे बंधन कुठल्याच कलमात नव्हते. पुण्यात रँडच्या काळात सैनिक घरात शिरले, त्याच्यावर खूप लिहिले गेले, कारण ज्यांच्या घरात ते शिरले त्यांच्या हातात वर्तमानपत्रे होती.

त्याच दिवसांत हडपसरजवळ सासणे मळ्यात सावित्रीमाई आणि डॉक्टर यशवंत प्लेगच्या रुग्णांवर उपचार करत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यातून त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच्या महिनाभर आधी, ९ फेब्रुवारीला, नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगग्रस्तांसाठी काम करता करता प्लेगनेच गेले. हा इतिहास आपण पाठ केला आहे, पण तो आपण त्यागाच्या कथा म्हणून सांगतो. माझ्या मते तो धोरणाचा इतिहास म्हणूनही वाचायला हवा. सरकार रुग्णाला धोका समजत होते आणि सत्यशोधक रुग्णाला रुग्ण समजत होते. साठीच्या पुढच्या एका बाईला महारवाड्यातला मुलगा पाठीवर आणावा लागला, याचा अर्थ तिथे सरकारची गाडी पोचत नव्हती.

तो १८९७ चाच कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी महाराष्ट्र सरकारने पुन्हा लागू केला. संविधान येऊन सत्तर वर्षे झाली होती आणि कपाटात हत्यार तेच होते.

आता कोल्हापूर. १९१९ च्या सुरुवातीला शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातल्या अधिकाऱ्यांसाठी हुकूम काढले. सरकारी खात्यांत, दवाखान्यांत येणाऱ्या अस्पृश्यांना इतरांसारखीच ममतेची आणि बरोबरीची वागणूक मिळाली पाहिजे. हे ज्याला मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा पाठवावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. या शेवटच्या वाक्यासाठी तो हुकूम मला फार मोठा वाटतो. माणसांनी माणसांशी चांगले वागावे असा उपदेश संतांनीही केला होता. शाहू महाराजांनी उपदेशाला मुदत लावली आणि पेन्शन जोडली. डॉक्टरच्या मनातली जात जाईल की नाही याची वाट त्यांनी पाहिली नाही. दवाखान्यात जात पाळलीस तर तुझे नुकसान होईल, एवढी व्यवस्था त्यांनी केली. या भूमीत अधिकाऱ्याला जबाबदार धरणारे आरोग्य धोरण शोधायचे तर ते इथे सापडते. आपण शाहू महाराजांना आरक्षणाचे जनक म्हणतो ते बरोबरच आहे. त्यांच्या या हुकुमाचे नाव मात्र आपल्या जयंतीच्या फलकांवर दिसत नाही.

मुंबई सरकारची गोष्ट वेगळी. १९१९ च्या सुधारणांनी सार्वजनिक आरोग्य हा विषय प्रांतांच्या लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपवला, पण तिजोरी राखीव खात्यात गव्हर्नरच्या माणसांकडे ठेवली. जबाबदारी मंत्र्याची आणि पैसा दुसऱ्याचा. त्यातून खालची बरीचशी कामे नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे होती, आणि तिथे कोण बसले होते ते सांगायला नको. बोले ठराव या व्यवस्थेत मंजूर झाला. ११ सप्टेंबर १९२३ ला सरकारने खातेप्रमुखांना अंमलबजावणीच्या सूचना धाडल्या. न पाळणाऱ्याचे काय होणार हे त्यात नव्हते. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला आणि प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. बोलेंच्याही हे लक्षात आले. ५ ऑगस्ट १९२६ ला त्यांनी दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका, जे बोर्ड अंमलबजावणी करणार नाही त्याचे सरकारी अनुदान बंद करावे. तीन वर्षांच्या अनुभवाने ते शाहूंच्या वाटेवर आले होते. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांना स्वतः हजारोंसह तळ्यावर जावे लागले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला आधीचा ठराव रद्द केला.

पाण्याचे हे झाले. दवाखान्यात काय चालले होते याची एक साक्ष बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये जपून ठेवली आहे. ती काठियावाडची, म्हणजे संस्थानी मुलखातली आहे. बोले ठराव तिथे लागू नव्हता, पण डॉक्टरी तीच होती आणि जातही तीच. एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर यायला तयार झाला, पण वस्तीत शिरणार नाही या अटीवर. आजारी बाळंतिणीला घराबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने लांबूनच निमोनियाचे निदान केले. दोन रुपये फी घेतली. पुन्हा यायला तो तयार झाला नाही. ती बाई गेली.

या घटनेत डॉक्टरने उपचार ‘नाकारले’ असे कागदावर म्हणता येणार नाही. तो आला, तपासले, औषध दिले, फी घेतली. आजही भेदभावाची तक्रार करायला गेलो की हेच ऐकायला मिळते: उपचार तर झाले ना? संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या दलित मुलांकडून आरोग्यसेवेचे अनुभव गोळा केले, त्यात मुख्य तक्रार स्पर्शाचीच होती. औषध हातात न देणे, तपासताना अंग राखणे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, अकरा राज्यांतल्या ५६५ गावांच्या अस्पृश्यतेच्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जात नसल्याचे दिसले. थर्मामीटरने शंभर वर्षांत आकार बदलला आहे, आता तो डिजिटल आहे.

बाबासाहेबांचे आरोग्यविषयक राजकारण आपण फार थोडे वाचतो. त्यांची चार मुले लहानपणीच गेली. राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. दोन वर्षांनी, १९२८ च्या जुलैमध्ये, मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा ते त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे. लोकांच्या कल्याणाची जबाबदारी मुळात सरकारची असल्याने हा बोजा मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा. पण जो मालक त्या बाईच्या श्रमावर नफा कमावतो त्यालाही सुटका नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा हा या देशातला असा पहिला कायदा. त्यात पैसे कोण देणार हे लिहिलेले होते. उपकाराची भाषा नव्हती.

१० नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहमांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. बाईचे आरोग्य, तिची इच्छा आणि त्यासाठी सरकारने सोयी पुरवणे हा त्याचा गाभा. अकरा मते बाजूने, बावन्न विरुद्ध. ठराव पडला. आता त्याच्या शेजारी १९७६ ठेवा. आणीबाणीत याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले, शिक्षेच्या तरतुदीसकट. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. सोय द्या म्हटले तेव्हा सभागृहाने नकार दिला, आणि लोकांना शिक्षा करायची वेळ आली तेव्हा हात वर झाले. १८९७ ची सवय गेली नव्हती.

मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांच्या काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना बी. पी. आडारकरांकडे सोपवली गेली. १९४४ ला त्यांचा अहवाल आला आणि १९४८ ला कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. काही मित्र म्हणतात, बघा, बाबासाहेबांनाही विमा हवा होता, मग आजच्या विमा योजनांना विरोध कशाला? फरक नीट पाहा. त्या योजनेत मालकाचा वाटा सक्तीचा होता, आणि विम्याबरोबर योजनेचे स्वतःचे दवाखाने, स्वतःची रुग्णालये होती. पैसा सेवेत जात होता. तिची मर्यादाही मान्य करू. ती कारखान्यातल्या कामगारापुरती होती. शेतमजूर, म्हणजे आपल्यातले बहुसंख्य, बाहेरच राहिले. त्यांच्यासाठी उत्तर १९४६ च्या भोर समितीने दिले होते: पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, आणि सरकारी आरोग्य केंद्रांचे जाळे गावापर्यंत न्यावे.

संविधानाने सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने हा विषय राज्यांच्या यादीत ठेवला. म्हणून कुठलाही मुख्यमंत्री आरोग्याच्या प्रश्नावर दिल्लीकडे बोट दाखवतो तेव्हा त्याला ही नोंद दाखवायची. (‘स्वच्छता’ या शब्दावरही थांबा. राज्याचा हा घटनात्मक विषय प्रत्यक्षात कुठल्या जातींच्या हातांनी चालतो, आणि गटारात उतरलेला माणूस मेल्यावर त्याची नोंद आरोग्य खात्याच्या कुठल्या तक्त्यात होते, यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.) अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयात मागता येत नाही. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग मानला, तेव्हा कुठे थोडा आधार मिळाला.

आपला तो ‘दवाखाना’ मात्र कायद्यांत टिकून राहिला. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेपोटी रुग्णालयात, दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. २०१५ च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात रुग्णालय, दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हे शब्द स्पष्टपणे आले. म्हणजे दार बंद करणाऱ्याला शिक्षा आहे. पण दार उघडे आहे आणि आत डॉक्टर नाही, तर? औषध बाहेरून आणा म्हटले, तर? तिथे कायदा गप्प आहे. आजचा बहुतेक अन्याय या दुसऱ्या प्रकारात मोडतो आणि तो जात न विचारता होतो. त्याचा मार मात्र जात बघून पडतो, कारण ज्याच्याकडे पैसा आहे तो खाजगीत जातो आणि सरकारी दवाखान्याच्या रांगेत कोण उरते ते डोळ्यांनी दिसते. २०१८ मध्ये यूएन विमेनच्या अहवालाने भारतातल्या दलित बाईचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३९.५ वर्षे आणि उच्चजातीय बाईचे ५४.१ वर्षे असल्याचे सांगितले. या साडेचौदा वर्षांवर कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येत नाही.

महाराष्ट्राने मधल्या काळात काय केले? १९८३ नंतर विनाअनुदानित खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडले. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण ही दोन वेगळी खाती ठेवली, त्यामुळे रुग्ण गावातून निघून मेडिकल कॉलेजपर्यंत पोचेतो जबाबदारी हातोहात फिरते. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. २०२३ मध्ये ही मर्यादा पाच लाख करून सर्व कुटुंबांना ती लागू करण्याचा निर्णय झाला. या योजनेने आपल्या लोकांच्या हृदयाच्या, कर्करोगाच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, जीव वाचले आहेत. ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. रोजची गोळी, महिन्याची तपासणी, बाळंतपणाआधीचे रक्त या गोष्टी विम्यातून येत नाहीत. त्या गावच्या आरोग्य केंद्रातूनच येतात, आणि केंद्र ओस पडले तर पाच लाखांचे कार्ड खिशात असून बाई रक्तक्षयाने मरते.

सिकलसेलचे उदाहरण घ्या. विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासींमध्ये हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. नागपूर भागातली नोंद १९५८ च्या वैद्यकीय नियतकालिकात सापडते. राज्याने नियंत्रण कार्यक्रम सुरू केला तो त्यानंतर अर्ध्या शतकाने, २००८ च्या सुमारास. जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलन मिशन जाहीर केले, त्याचा भर आदिवासी पट्ट्यांवर आहे. आदिवासींना ते मिळालेच पाहिजे. पण नागपूरच्या झोपडपट्टीतला, भंडारा-गोंदियाच्या बौद्ध वस्तीतला रुग्ण त्या भराच्या कडेला राहतो. मी ज्या वस्त्यांत काम करते तिथे अशा घरांत वेदनेचा झटका आला की आधी विचार होतो तो ऑटोच्या भाड्याचा. या रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड नियमित लागते, वेळेवर रक्त लागते, लग्नाआधी दोघांच्या तपासणीचा सल्ला लागतो. हे सगळे रोजच्या, कंटाळवाण्या सरकारी सेवेचे काम आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले आणि त्याच कायद्याच्या नोकरीतल्या चार टक्के आरक्षणातून रक्ताच्या आजारांना बाहेर ठेवले. प्रमाणपत्र मिळते, जागा मिळत नाही. हा प्रश्न आपल्या संघटनांच्या मागणीपत्रात कितव्या क्रमांकावर असतो? बहुतेकांत तो नसतोच.

२०२३ हे वर्ष या सगळ्याचा आरसा आहे. १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. चांगला निर्णय. पण वैद्यकीय शिक्षण खात्याची मोठी रुग्णालये त्यात नव्हती. त्यानंतर दीड महिन्याने नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात बाळे. दोन दिवसांत आकडा एकतीसवर गेला. औषधांचा तुटवडा आणि अपुऱ्या मनुष्यबळाचे आरोप झाले, सरकारने तुटवडा नाकारला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. प्लेगच्या लसीशी ज्या हाफकिनचे नाव जोडलेले आहे त्या नावाच्या सरकारी महामंडळाकडे २०१७ पासून राज्याच्या औषध खरेदीचे काम होते. २०२३ मध्ये त्यासाठी वेगळे प्राधिकरण करण्याचा कायदा झाला. खरेदी करणारा बदलला. आणि नांदेडमध्ये एका खासदाराने काय केले? कॅमेऱ्यासमोर रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले. त्यावर ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. सत्ताधाऱ्याला जबाबदारी निश्चित करायची म्हटली की पहिल्यांदा झाडू सुचतो. खात्याचा अर्थसंकल्प मंजूर करणाऱ्यांना त्या दिवशी कुणी प्रश्न विचारला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२० पर्यंत राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा असे म्हटले होते. महाराष्ट्र त्याच्या निम्म्याच्या आसपास रेंगाळत राहिला.

मग मागायचे काय? राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्क कायदा केला. खाजगी डॉक्टरांनी मोठा विरोध केला, कायदा सौम्य झाला, पुढे नियमांचे कामही रेंगाळले. तरीही तातडीचे उपचार पैसे न मागता द्यायचे आणि कायदा मोडल्यास दंड, पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत, नंतर पंचवीस हजारांपर्यंत, एवढे त्यात लिहिले गेले. महाराष्ट्रात असा कायदा नाही. पण महाराष्ट्राला अधिकाऱ्याला दंड लावता येतच नाही असे मात्र नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवा मुदतीत दिली नाही तर संबंधित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. त्या यादीत दाखले, उतारे, परवाने येतात. डॉक्टरची हजेरी आणि औषधाचा साठा येत नाही. शाहू महाराजांची कल्पना या राज्याने दाखल्यासाठी स्वीकारली आणि दवाखान्यासाठी सोडून दिली. दंड परिचारिकेवर, आशाताईवर ढकलला जाण्याचा धोका मला दिसतो. राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा मानधनासाठी वारंवार संपावर जातात आणि त्यांत आपल्या बायका पुष्कळ आहेत. म्हणून पद न भरणारा, साठा न पाठवणारा अधिकारी कोण, त्याचे पद कायद्यात नोंदवले पाहिजे. दंड त्याला.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवरचे एक हत्यार याच राज्यात वापरून झाले आहे. २००७ पासून ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली, आधी पाच जिल्ह्यांत. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला गुण द्यायचे, मग जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर उत्तर द्यायचे. जिथे ती नीट झाली तिथे बाहेरून औषधे लिहून देण्यावर लोकांनी जाब विचारला. यात आंबेडकरी संघटनांचा सहभाग फार कमी राहिला, हे काम ‘एनजीओवाल्यांचे’ म्हणून आपण सोडून दिले. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समिती कागदावर आहे, तिला दरवर्षी थोडा निधी येतो, प्रत्येक केंद्रात रुग्ण कल्याण समिती आहे.

येत्या ४ ऑगस्टला बोले ठरावाची आठवण म्हणून आपल्या शाखांनी सभा घेण्याऐवजी आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात जावे असे मला सुचवायचे आहे. मंजूर पदे किती आणि भरलेली किती, औषधांचा साठा नोंदवहीत किती आणि कपाटात किती, आरोग्यसेविका वस्तीत शेवटची कधी आली, सिकलसेलच्या गोळ्या गेल्या तीन महिन्यांत संपल्या होत्या का, रुग्ण कल्याण समितीत आपल्या वस्तीतले कोण आहे. उत्तरे लेखी मागावीत, मिळाली नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज तिथल्या तिथे भरावा, आणि तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांची उत्तरे एकत्र करून जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे ठेवावीत. आमच्या भागातला तक्ता आम्ही तयार करत आहोत. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी कळवावे, पाठवते.

जयभीम.